‘तडीपार’ : पोलिसांच्या कागदावरून अल्बमच्या कव्हरवर, स्वतंत्र रॅपरचा पहिला अल्बम म्हणजे काय, तो निघतो कसा, पैसे कुणाला मिळतात? सविस्तर माहिती

उल्हासनगर, कॅम्प ५ : ‘सराईत गुन्हेगार जिल्ह्यातून तडीपार’ ही बातमी आपल्या भागातल्या वाचकांना नवीन नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात ती अधूनमधून येतच असते. पण २०२० साली पुण्याच्या ताडीवाला रोड वस्तीतल्या विशीतल्या एका पोराने हाच शब्द उचलला आणि आपल्या पहिल्या रॅप अल्बमला नाव दिलं, ‘तडीपार’. तो पोरगा म्हणजे एमसी स्टॅन. तीन वर्षांनी तो ‘बिग बॉस’ जिंकला आणि घराघरात पोचला. पण त्याची खरी ओळख त्या अल्बमनेच झाली होती.

आज कॅम्प ५ च्या गल्लीत असो की मुरबाड-शहापूरच्या गावात, मोबाईलवर बीट लावून रॅप करणारी पोरं दिसतात. घरच्यांना वाटतं पोरगं वाया चाललं. पोराला वाटतं एक गाणं चाललं की झालं. खरी गोष्ट या दोन्हीच्या मध्ये कुठेतरी आहे. म्हणून हा माहितीपर लेख. ‘तडीपार’ काय होता, रॅप आपल्याकडे आलं कुठून, स्वतःचा अल्बम काढायचा तर काय काय लागतं आणि कुठल्या कागदावर सही करण्याआधी थांबायचं, हे सगळं एका ठिकाणी देत आहोत.

थोडक्यात माहिती

- अल्बम : तडीपार
- कलाकार : एमसी स्टॅन (खरं नाव अल्ताफ शेख, जन्म १९९९)
- गाव : पुणे, ताडीवाला रोड परिसर
- वर्ष : २०२०
- भाषा : पुण्याच्या वस्तीतली हिंदी, मराठी शब्द मिसळलेली
- प्रकार : हिप हॉप, ट्रॅप
- पुढचा अल्बम : इन्सान (२०२२)

‘तडीपार’ म्हणजे नेमकं काय?

तड म्हणजे काठ, कड. तडीपार म्हणजे हद्दीच्या पलीकडे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ५५, ५६ आणि ५७ मध्ये ही कारवाई येते. एखाद्या माणसामुळे लोकांच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका आहे आणि भीतीने साक्षीदार पुढे येत नाहीत, असं पोलिसांना वाटलं तर त्याला जिल्ह्याबाहेर, गरज असेल तर लगतच्या जिल्ह्यांबाहेरही, जास्तीत जास्त दोन वर्षं पाठवता येतं. आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस उपायुक्त हा आदेश काढतात, ग्रामीण भागात प्रांताधिकारी. आदेशाआधी नोटीस देऊन त्या माणसाचं म्हणणं ऐकावं लागतं. आदेशावर ३० दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हा भाग ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या परिमंडळ ४ मध्ये येतो. त्यामुळे इथल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

आता गंमत बघा. हा शब्द ऐकला की शेजारी दार लावून घेतात. तोच शब्द एका पोराने छातीवर लावून घेतला. तुम्ही आम्हाला हद्दीबाहेरचे समजता ना, मग आम्ही तेच नाव लावतो, असा त्याचा सूर. वस्तीतल्या पोरांना तो लगेच कळला. पुण्यात कळला तसाच ठाण्यात, नाशकात, नागपुरातही कळला.

अल्बममध्ये काय आहे?

‘तडीपार’ या नावाच्या गाण्यासोबत ‘अमीन’, ‘एक दिन प्यार’ अशी गाणी या अल्बममध्ये आहेत. विषय वस्तीतलेच आहेत : पैशाची चणचण, सोबत असणारे आणि सोडून जाणारे दोस्त, फसलेलं प्रेम, दुष्मनी, आणि आपणही काहीतरी करून दाखवू ही जिद्द. संगीत जड बेसचं, ट्रॅप पद्धतीचं आहे. आवाजावर ऑटोट्यून नावाचं तंत्र वापरलंय. त्याने सूर यंत्रातून काढल्यासारखा लागतो. स्टॅन फक्त गाणं लिहून म्हणत नाही, बीटही स्वतः तयार करतो. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण पुढे पैशाचा विषय येईल तेव्हा तिचा फायदा कळेल.

भाषा हा या अल्बमचा खरा जीव. ही हिंदी सिनेमातली हिंदी नाही. पुण्यात झोपडपट्टीतली पोरं आपसात बोलतात ती हिंदी आहे, ज्यात मराठी शब्द न विचारता घुसतात. स्टॅनच्या तोंडी नेहमी असणारा ‘शेमडी’ हा शब्द म्हणजे आपला मराठी ‘शेंबडी’च. हा शब्द त्याच्यामुळे दिल्ली-लखनौच्या पोरांच्या तोंडी गेला.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या अल्बममध्ये शिव्या आहेत आणि बायकांबद्दलचे काही उल्लेख खटकणारे आहेत. यावरून स्टॅनवर टीका झाली आहे. मार्च २०२३ मध्ये इंदूरला विरोधामुळे त्याचा कार्यक्रम मध्येच थांबवावा लागला. म्हणजे आवडणारे लाखो आहेत, तसे नाक मुरडणारेही आहेत. घरात लहान मुलं असतील तर आधी मोठ्यांनी ऐकावं, हे बरं.

त्याआधी आणि त्यानंतर

स्टॅनची सुरुवात रॅपने झालेली नाही. लहान वयात, बाराव्या वर्षाच्या आसपास, तो कव्वाली गायचा. मग रॅपकडे वळला. ‘वाता’ हे त्याचं सुरुवातीचं गाजलेलं गाणं. ‘खुजा मत’ या गाण्यात त्याने मुंबईचा रॅपर एमीवे बंटाय याला लक्ष्य केलं आणि त्याचं नाव सगळीकडे झालं. एकमेकांवर गाण्यातून वार करण्याच्या या प्रकाराला ‘डिस ट्रॅक’ म्हणतात. आपल्याकडच्या सवाल-जवाबाचा हा चुलतभाऊ समजा, फक्त इथे ढोलकी नसते.

त्यानंतर २०२० ला ‘तडीपार’, २०२२ ला ‘इन्सान’. १२ फेब्रुवारी २०२३ ला तो ‘बिग बॉस १६’ चा विजेता ठरला. बक्षीस होतं ३१ लाख ८० हजार रुपये आणि एक गाडी. उपविजेता ठरला अमरावतीचा शिव ठाकरे. म्हणजे देशभर बघितल्या जाणाऱ्या हिंदी कार्यक्रमात शेवटचे दोघेही महाराष्ट्राचे, आणि दोघेही साध्या घरातले.

रॅप आपल्याकडे आलं कुठून?

हिप हॉपचा जन्म न्यूयॉर्क शहरातल्या ब्रॉन्क्स या गरीब भागात झाला. ११ ऑगस्ट १९७३ ला डीजे कूल हर्क याने तिथे एका इमारतीत ठेवलेली पार्टी ही त्याची सुरुवात मानतात. काळ्या आणि स्थलांतरित कुटुंबांतली पोरं गाण्याच्या तुकड्यावर लयीत बोलू लागली, त्याचं पुढे रॅप झालं.

आपल्याकडे १९९० च्या दशकात बाबा सेहगलच्या ‘ठंडा ठंडा पानी’ने लोकांनी रॅप हा शब्द ऐकला. पण तो गमतीचा मामला होता. गल्लीतलं रॅप खऱ्या अर्थाने आलं ते २०१४ ला कुर्ल्याच्या नेझीच्या ‘आफत’ने. पुढच्या वर्षी डिव्हाईन आणि नेझीचं ‘मेरे गली में’ आलं. या दोघांच्या आयुष्यावरून सुचलेला ‘गली बॉय’ सिनेमा १४ फेब्रुवारी २०१९ ला लागला आणि धारावीपासून चांद्यापर्यंत पोरांनी वह्या काढल्या. डिव्हाईनचा पहिला अल्बम ‘कोहिनूर’ २०१९ ला आला, नेझीचा ‘मगरेब’ २०२० ला. म्हणजे ‘तडीपार’ आला तो हाच हंगाम होता.

मराठीतही याच काळात काम झालं. ‘स्वदेसी’ हा मुंबईचा गट मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली अशा भाषांत रॅप करतो. आरेच्या जंगलातल्या केलटीपाड्याचे प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन त्यांनी ‘वारली रिव्होल्ट’ हे गाणं केलं, विषय आदिवासींची जमीन आणि जंगल. ठाणे-पालघरच्या वाचकांना हे नाव ओळखीचं वाटेल, कारण १९४५ साली तलासरी-उंबरगाव भागात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. ‘स्वदेसी’चा अल्बम ‘चेतावनी’ही २०२० चाच. या गटातला धर्मेश परमार ऊर्फ एमसी तोडफोड मार्च २०२२ मध्ये फक्त २४ व्या वर्षी गेला. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ऊर्फ ‘१०० आरबीएच’ टीव्हीवरच्या ‘हसल’ स्पर्धेतून घरोघरी पोचला. २०२४ ला क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ हे मराठी गाणं तर स्पिनिन या डच कंपनीने जगभर वाजवलं.

पण एक लक्षात घ्या. लयीत बोलून लोकांना जागं करणं आपल्याला अमेरिकेने शिकवलेलं नाही. शाहिरांचा पोवाडा, अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांची लोकनाट्यं आणि गाणी, वामनदादा कर्डकांची भीमगीतं, गावात रात्रभर चालणारे सवाल-जवाबाचे सामने, हे सगळं आपल्याकडे आधीपासून आहे. डफ जाऊन बीट आला, एवढाच फरक. म्हणूनच जयंतीच्या मिरवणुकीत वाढलेल्या पोराला रॅप परकं वाटत नाही.

कॅम्प ५ चा संबंध काय?

दुसऱ्या महायुद्धात इथे सैन्याची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींमध्ये ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. शहर झालं, महापालिका झाली, तरी पत्ता सांगताना अजूनही आपण ‘कॅम्प’च सांगतो. म्हणजे आपलं हे शहरच मुळात हद्दीबाहेर काढलेल्या लोकांनी वसवलेलं आहे. ‘तडीपार’ शब्दाचा अर्थ इथल्या म्हाताऱ्या सिंधी आजोबांना वेगळ्या तऱ्हेने कळेल.

अंबरनाथकडच्या टोकाला असलेला कॅम्प ५ जीन्सच्या कामासाठी ओळखला जातो. कापणं, शिवणं, धागे तोडणं, बटण लावणं, घडी घालणं, या कामावर किती घरं चालतात ते इथल्या माणसाला माहीत आहे. वालधुनी नदीच्या प्रदूषणामुळे जीन्स धुण्याच्या कारखान्यांवर बंदी आली तेव्हा त्याची झळ याच घरांना बसली. इथे एका गल्लीत सिंधी, मराठी, भोजपुरी, कच्ची-पक्की हिंदी अशा सगळ्या बोली कानावर पडतात. आईशी एका भाषेत, शेठशी दुसऱ्या, दोस्तांशी तिसऱ्या. ताडीवाला रोडच्या पोराने हेच मिश्रण जसंच्या तसं अल्बममध्ये ठेवलं आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. आपली भाषा ‘शुद्ध’ नाही म्हणून लाजायचं कारण नाही, हा धडा इथल्या पोरांनी घ्यावा असा आहे.

अल्बम निघतो कसा? पायरीपायरीने

‘स्वतंत्र’ रॅपर म्हणजे ज्याच्यामागे मोठी संगीत कंपनी नाही. खर्च त्याचा, निर्णय त्याचा, मालकीही त्याची. साधारण पायऱ्या अशा :

१) लिखाण. एक गाणं म्हणजे ‘सिंगल’. पाच-सहा गाण्यांचा छोटा संच म्हणजे ‘ईपी’. सात-आठ किंवा जास्त गाण्यांचा, एका धाग्यात बांधलेला संच म्हणजे अल्बम. हाताशी असतील ती गाणी एकत्र केली की अल्बम होत नाही. ‘तडीपार’ नाव घेतलं की आत काय असेल याचा अंदाज येतो, तसं हवं.

२) बीट. स्वतः बनवता आलं तर उत्तम. मोबाईल आणि कॉम्प्युटरवर चालणारी साधनं मिळतात. विकत घ्यायचं तर दोन प्रकार असतात. ‘लीज’ म्हणजे भाड्याने. तोच बीट दुसऱ्या दहा जणांनाही विकला जाऊ शकतो. ‘एक्सक्लुझिव्ह’ म्हणजे फक्त तुम्हाला. यूट्यूबवर ‘फ्री बीट’ असं लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा फक्त सरावापुरतं फुकट असतं, कमाईसाठी नाही. खाली लिहिलेल्या अटी वाचा.

३) रेकॉर्डिंग. महागडा स्टुडिओ लागतोच असं नाही. गोधडी-चादरी लावलेल्या खोलीतही आवाज स्वच्छ येतो. पण पंखा बंद, लोकल जायची वेळ टाळून.

४) मिक्सिंग आणि मास्टरिंग. आवाज आणि बीट यांचा मेळ बसवणं म्हणजे मिक्सिंग. मोबाईल, गाडी, डीजे सगळीकडे गाणं नीट वाजेल असं शेवटचं पॉलिश म्हणजे मास्टरिंग. पैसे वाचवायचे तर व्हिडीओत वाचवा, इथे नको.

५) वितरक. स्पॉटिफाय, जिओसावन, ॲपल म्युझिक यांच्यावर गाणं आपण थेट टाकू शकत नाही. मध्ये वितरक लागतो, जसं डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअर, रूटनोट. कुणी वर्षाची फी घेतो, कुणी कमाईतला वाटा. वर्षाची फी भरणं थांबवलं तर काहींकडे गाणं उतरवलं जातं, हे आधी विचारून घ्या.

६) आयएसआरसी क्रमांक. प्रत्येक रेकॉर्डिंगचा १२ अक्षरी क्रमांक, गाण्याचं आधार कार्डच म्हणा. गाणं कुठेही वाजलं तरी हिशोब याच क्रमांकावर होतो. वितरक हा बहुतेक वेळा स्वतःच देतो. वहीत लिहून ठेवा.

७) तारीख. गाणं तयार झाल्या दिवशीच टाकायची घाई करू नका. तीन-चार आठवड्यांनंतरची तारीख धरली तर ॲपवाल्यांना कळवायला आणि लोकांना सांगायला वेळ मिळतो.

पैसे येतात कुठून?

ऐकण्यातून : स्पॉटिफायवर २०२४ पासून नियम आहे की आधीच्या १२ महिन्यांत एखादं गाणं किमान १,००० वेळा ऐकलं गेलं तरच त्याचे पैसे लागू होतात. त्यामुळे दहा गाणी टाकून प्रत्येक ३०० वेळा ऐकलं गेलं तर हातात शून्य.

यूट्यूबमधून : जाहिरातीचे पैसे मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं जाणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यू लागतात. गाणं दुसऱ्याच्या बीटवर असेल तर ‘कंटेंट आयडी’ नावाची यंत्रणा ते पकडते आणि पैसे बीटच्या मालकाकडे जातात.

कार्यक्रमातून : बहुतेक स्वतंत्र रॅपरांचं घर यावरच चालतं. गणपती, जयंती, कॉलेजचं गॅदरिंग. ॲडव्हान्स घ्या, आणि ठरलेलं व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या.

हक्कातून : गीतकार आणि संगीतकारांसाठी १९६९ पासून ‘आयपीआरएस’ ही संस्था आहे. हॉटेल, रेडिओ, टीव्ही, ॲप यांवर गाणं वाजलं की मानधन गोळा करून सभासदांना देते. सभासद नसाल तर तुमच्या वाट्याचं तुमच्यापर्यंत पोचणार नाही.

सही करण्याआधी हे वाचा

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. गाणं थोडं चाललं की फोन येतो, ‘आम्ही तुला मोठा करतो, इथे सही कर.’ वीस-पंचवीस हजार हातात पडतात. महिन्याला आठ-दहा हजार कमावणाऱ्या घरात ती रक्कम मोठी असते. पण त्या एका सहीने गाण्याची मालकी कायमची गेली तर पुढे गाणं लाखोंनी ऐकलं जातं आणि लिहिणारा पुन्हा धागे तोडायला कारखान्यात बसतो. म्हणून कॉपीराइट कायदा १९५७ मधल्या या गोष्टी माहीत असू द्या :

- शब्द लिहिणारा हा शब्दांचा आणि चाल बांधणारा हा चालीचा पहिला मालक. नोंदणी केली नाही तरी हक्क असतो.
- रेकॉर्डिंगचा मालक मात्र निर्माता, म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. स्टुडिओचं बिल तुमच्या नावावर घ्या, पैसे ऑनलाईन द्या. उद्या तोच पुरावा.
- हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो. तोंडी ‘गाणं तुझं’ म्हटल्याने मालकी जात नाही.
- करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून कागदावर ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जग’ हे शब्द दिसले की थांबा.
- कंपनीने हक्क घेऊन एक वर्ष काहीच केलं नाही आणि करारात वेगळं लिहिलेलं नसेल, तर ते हक्क सुटतात.
- २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा मानधनातला समान वाटा करारानेही काढून घेता येत नाही. तो वारसांना किंवा आयपीआरएससारख्या संस्थेलाच देता येतो.
- १८ वर्षांखालच्या मुलाने केलेला करार कायद्याने टिकत नाही. कुणी अकरावीतल्या पोराची सही मागत असेल तर समजून जा.

नोंदणी ऐच्छिक आहे, पण भांडण झालं तर उपयोगी पडते. सरकारी फी शब्द किंवा चालीसाठी प्रत्येकी ५०० रुपये, रेकॉर्डिंगसाठी २,००० रुपये. शब्द आणि चालीवर हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, रेकॉर्डिंगवर प्रसिद्धीपासून ६० वर्षं. म्हणजे आज लिहिलेलं गाणं नातवंडांच्याही कामी येऊ शकतं. जमिनीचा सातबारा जसा बघता, तसा करार बघा.

उल्हासनगरच्या मालावर ‘मेड इन यूएसए’ लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा जुना विनोद सगळ्यांना माहीत आहे. जीन्समध्ये तो हसण्यावारी गेला. गाण्यात जात नाही. दुसऱ्याचा बीट स्वतःच्या नावावर लावला की अख्खा अल्बम उतरतो.

गाणं आणि पोलीस ठाणं

रॅप म्हणजे तोंडावर बोलणं. म्हणून गुन्ह्याचा प्रश्न येतो. उदाहरण आपल्याच शेजारचं आहे. छत्रपती संभाजीनगरचा रॅपर राज मुंगासे याचं ‘चोर’ आणि ‘खोके’ असे शब्द असलेलं राजकीय गाणं २०२३ ला राज्यभर फिरलं. गाण्यात कुणाचं नाव नव्हतं. तरी एका पक्षाच्या युवा पदाधिकाऱ्याच्या तक्रारीवरून एप्रिल २०२३ मध्ये अंबरनाथच्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यात त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. विरोधी पक्षांच्या नेत्यांनी त्याची बाजू घेतली आणि हा अभिव्यक्तीचा प्रश्न असल्याचं सांगितलं. म्हणजे पोरगा मराठवाड्यातला आणि गुन्हा अंबरनाथला. मोबाईलवरच्या गाण्याला तालुक्याची हद्द नसते, हे यातून कळतं.

सरकारवर टीका करणं हा गुन्हा नाही. घटनेच्या कलम १९ ने तो हक्क दिलाय. पण काही गोष्टींत सांभाळायला हवं :

- नाव घेऊन खोटा आरोप केला तर बदनामीचा दावा होऊ शकतो. जातीवरून अपमान केला तर ॲट्रॉसिटी कायदा लागू होऊ शकतो. डिस ट्रॅकच्या जोशात हे विसरू नका.
- अश्लील मजकूर इंटरनेटवर टाकणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली येतं. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे.
- व्हिडीओत तलवार, कोयता, कट्टा दाखवू नका. अशा रील्सवरून पोलीस पोरांना उचलतात. खोटं पिस्तूल असलं तरी आधी चौकशी तुमचीच होते.
- रेल्वे रुळावर शूटिंग नको. विठ्ठलवाडी ते बदलापूर पट्ट्यात दर काही मिनिटांनी गाडी आहे. जीव तर जातोच, शिवाय रेल्वे कायद्याच्या कलम १४७ ने सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड आहे.
- स्पीकर लावून कार्यक्रम असेल तर परवानगी घ्या. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगा बंद.

वाचकांना पडणारे प्रश्न

*पोरगं दिवसभर रॅपच करतं, काय करावं?*
आधी त्याचं एक गाणं पूर्ण ऐका. काय लिहिलंय ते विचारा. शाळा-कॉलेज किंवा काम सोडून करतो म्हणाला तर मुदत ठरवून द्या. हिप हॉपमध्ये विशीत नाव झालेले आहेत, तसे कामाच्या पाळ्या करत रात्री लिहिणारेही भरपूर आहेत.

*मुली रॅप करतात का?*
करतात. मुंबईची डी एमसी, मेघालयची रेबल ही नावं यूट्यूबवर शोधा. घरी मुलगी लिहीत असेल तर तिलाही तोच हक्क, तोच करार.

*अल्बमसाठी कर्ज काढावं का?*
नको. आधी एक-दोन सिंगल काढा, अंदाज घ्या. दागिने गहाण ठेवून व्हिडीओ काढणं तर अजिबात नको. ज्याचं काम चांगलं आहे त्याचं मोबाईलवर शूट केलेलं गाणंही चालतं.

*मराठीत केलं तर चालेल का?*
चालेल. आगरी, वऱ्हाडी, अहिराणी, सिंधी, जी घरात बोलता ती. ‘तडीपार’ चालला कारण त्यातली भाषा उसनी नव्हती.

लक्षात ठेवा

गाणं तुमचं असेल तर शब्दांची वही, बीटची पावती, स्टुडिओचं बिल आणि आयएसआरसी क्रमांक, या चार गोष्टी एका फाईलमध्ये ठेवा. सही करायच्या आधी कागदाचा फोटो काढून ओळखीच्या वकिलाला दाखवा. वकील परवडत नसेल तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्नाच्या माणसांना तिथे मोफत सल्ला मिळतो. कल्याण न्यायालयात चौकशी केली तरी वाट दाखवतात.

नाव ‘तडीपार’ असो की आणखी काही, अल्बम गाजवायचा की नाही ते लोक ठरवतील. पण स्वतःच्याच गाण्यातून आपण तडीपार होऊ नये, एवढं तर आपल्या हातात आहे. घरात, गल्लीत, गावात कुणी रॅप करत असेल तर ही माहिती त्याच्यापर्यंत नक्की पोचवा.